पाण्याच्या एटीएमनं आजींचं नाणं परत का टाकलं

आमच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत पाण्याचं एटीएम आहे. 5 रुपयांचं नाणं टाकायचं, 20 लिटरचा जार भरून न्यायचा. मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 वर जातो, तेव्हा संध्याकाळी तिथं रांग हटत नाही. त्या रांगेत विड्या वळणाऱ्या एक आजी होत्या. त्यांनी नाणं टाकलं, ते खडखडत परत आलं. पदराला पुसून टाकलं, परत आलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अव्वा, खोटं हाय की ओ नाणं तुमचं." आजींनी रिकामा जार उचलला आणि चालू लागल्या.

मला ते सहन झालं नाही. नाणं खरं होतं. मी आजींना थांबवलं आणि रांगेतल्या सगळ्यांना म्हटलं, पाचची जेवढी नाणी असतील तेवढी इथं ओट्यावर ठेवा.

तुम्हीही घरी एकदा ठेवून बघा. "पाचचं नाणं" ही एक वस्तू नाहीच. आमच्या ओट्यावर चार ढीग झाले. जुनं पांढरं, जाडजूड, 9 ग्रॅमचं. मग स्टीलचं, 6 ग्रॅमचं, त्याला लोहचुंबक चिकटतं (पोरांनी जुन्या स्पीकरचा चुंबक आणून लगेच खात्री केली). मग पिवळं निकेल-ब्रासचं, तेही 6 ग्रॅमचं. या तिन्हींचा व्यास 23 मिलिमीटर. आणि चौथं, 2019 साली जाहीर झालेल्या मालिकेतलं, धान्याची नक्षी असलेलं: तेही पिवळंच, पण 25 मिलिमीटर रुंद आणि 6.74 ग्रॅम. आजींच्या हातात हेच होतं. प्रत्येक ढिगातलं एकेक टाकून बघितलं. मशीन फक्त लहान पिवळं घेत होतं, बाकी तिन्ही परत.

म्हणजे मशीन बिघडलेलंच नव्हतं. सांगितलं तेवढं काम ते चोख करत होतं.

पुढचं मी मुद्दाम सविस्तर सांगतो. पैशाची पेटी असलेल्या मशीनला कुणीही उठून हात लावू नये. आम्ही मालकाला फोन केला, मशीन सांभाळणारा मुलगा किल्ली घेऊन आला, आधी त्यानं गल्ला मोजून स्वतःकडे घेतला, मेन स्विच बंद केला, आणि मग रांगेसमोरच दार उघडलं.

आत तळहाताएवढा डबा. त्याच्या कडेला स्प्रिंगच्या चिमट्यात एक नाणं कायमचं अडकवलेलं, लहान पिवळं. तो नमुना. त्याच्या दोन्ही बाजूंना तारेची वेटोळी असतात, आणि आपलं नाणं ज्या वाटेनं घसरतं तिथंही तशीच. धातू जवळ आला की वेटोळ्यातला सिग्नल बदलतो. किती बदलेल ते धातू कोणता, नाणं किती रुंद, किती जाड यावर ठरतं. दोन्हीकडचा बदल सारखा झाला तर एक कळ उघडते आणि नाणं गल्ल्यात जातं. नाहीतर परतीची वाट.

मी हे सांगत असताना लूमवर (यंत्रमागावर) जॉबरकी, म्हणजे माग दुरुस्त करायचं काम, करून निवृत्त झालेले एक मामा पुढे आले. थोडा वेळ वाकून बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे नमुन्याला माल लावून बघतंय. आमी चादरीला करायचो तसंच की." इतक्या कमी शब्दांत मला ते सांगता आलं नसतं.

नमुना बदलून मोठं पिवळं लावलं असतं तर आजींचं काम झालं असतं आणि लहान पिवळंवाले अडकले असते. म्हणून मालकानं अनेक नाणी ओळखणारा डबा बसवला. त्याला नाणी शिकवावी लागतात, एका जातीची पंधरा-वीस नाणी टाकून. दोन नाणी कधी हुबेहूब सारखी नसतात, झिजलेली, मळलेली असतात, म्हणून एकावर भागत नाही. रविवारी सकाळी गल्लीनं ती गोळा केली. मोठ्या पिवळ्यांतली पहिली सात आजींच्या बटव्यातली.

हे काम घरी किंवा दुकानात नेऊन गुपचूप झालं असतं, तर पाणी मिळालं असतं, पण "अव्वांचं नाणं खोटं" हे गल्लीत तसंच राहिलं असतं. ज्या रांगेत ते बोललं गेलं त्याच रांगेसमोर दार उघडायला हवं होतं. आपल्या गावात लूम बंद पडला की जॉबर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो सोडवायचा, शेजारी उभं राहून पोरं शिकायची. आजची मशीनं येतात ती बंद दाराची, वर फोन नंबरचा स्टिकर. त्यामुळे बिघाड दिसला की आपण आधी माणसावर संशय घेतो. मला याचा खरंच राग येतो.

अजून एक काम राहिलंय. नवीन 2 रुपयांचं नाणंही स्टीलचं आणि 23 मिलिमीटरचंच आहे, आणि परवा मशीननं एकदा ते स्टीलचं पाच समजून घेतलं. हे पकडलं किल्लीवाल्या मुलानं. त्यानं तारीख-वेळ वहीत लिहून ठेवली आणि ते नाणं वेगळं काढून ठेवलं. या रविवारी सकाळी 8 वाजता, ऊन चढायच्या आत, तो स्वतः मशीनची स्टीलच्या पाचची पारख आणखी काटेकोर करणार आहे. ज्यांच्याकडे स्टीलची पाचची आणि नवी दोनची नाणी असतील त्यांनी घेऊन या.