त्स्वाना भाषेतील संख्यांविषयी खुलासा

बोट्स्वाना व दक्षिण आफ्रिकेत बोलल्या जाणाऱ्या त्स्वाना भाषेतील एक ते दहा हे शब्द पाठ केले की काहीही मोजता येते, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. अशाने येते ती फक्त सुटी मोजणी. नामासोबत येताना पहिल्या सहा संख्यांचे रूप नामाच्या वर्गानुसार (वर्ग म्हणजे मराठीतील लिंगासारखी नामांची गटवारी) बदलते: दोन मेंढ्या म्हणजे ‘दिन्कू त्से पेदी’, पण दोन माणसे म्हणजे ‘बाथो बा बाबेदी’, आणि माणसे तीन असतील तर ‘थारो’ऐवजी ‘बारारो’ म्हणावे लागते. माणसांसाठी ‘दोघे’, ‘तिघी’ म्हणणाऱ्या मराठी भाषकाला हे मुळीच अवघड नाही. मात्र नवशिक्यांनी या संख्या सुट्या न घोकता पहिल्या दिवसापासून नामासह पाठ कराव्यात.