जिप्सीचे मागचे पाटे अ‍ॅक्सलवर चढवण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की मारुती जिप्सीवाल्यांमध्ये पाट्यांचा, म्हणजे लीफ स्प्रिंगचा, एक मेसेज हमखास फिरतो: "मागचे पाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर घ्या. ग्राउंड क्लिअरन्स 5 इंच वाढतो, गाडी मऊ चालते. दोन बैठका वेल्ड केल्या की काम झालं, शॉकअप तेच चालतात. आरसी बुकात सस्पेन्शन लिहिलेलं नसतं, तेव्हा आरटीओचं टेन्शन नाही."

गाडी 5 इंचांच्या आसपास उचलली जाते, एवढं खरं. पण उचलली जाते ती चेसिस आणि बॉडी. मागे सगळ्यात खाली असतो डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा, आणि तो चाकाच्या मध्याला बांधलेला. पाटे कुठेही लावा, तो तसूभर हलत नाही. त्याला वर न्यायचं तर टायरच मोठे हवेत. 205/70 आर 15 काढून 235/75 आर 15 टाकले, तर गोळा सुमारे 33 मिमी वर जातो. पाटे वर घेण्याचा खरा फायदा वेगळाच आहे: अ‍ॅक्सलखाली लोंबणारे पाटे आणि यू-बोल्टच्या प्लेटा दगडांना अडकायच्या थांबतात, आणि चढ उतरताना गाडीची शेपटी घासत नाही. मेसेजात नेमकं हेच नाही.

मऊपणाचं म्हणाल, तर पाटे तेच, जाडी तीच, संख्याही तीच. मग ते मऊ कशाने होतील? वळणावर गाडी जास्त कलते, त्यालाच लोक मऊ म्हणतात. ताडोबातल्या चढत्या बाकांच्या, माणसांनी भरलेल्या जिप्सीला हा उपाय सुचवणाऱ्याला आधी त्याच गाडीच्या शेवटच्या बाकावर बसवावं.

आता त्या "दोन बैठका", म्हणजे पाटे टेकवायच्या लोखंडी जागा. खरं काम इथेच आहे. बैठक हाउसिंगवर (अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या नळीवर) जिथे चिकटेल, तिथे पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या गिअर-शाफ्टचा, कोन कायमचा ठरतो. मागच्या अ‍ॅक्सलला ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना साधा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असेल, तर पिनियन ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद देणाऱ्या गिअरपेटीच्या) शाफ्टला समांतर हवा. तो चुकला की गाडी वेगात थरथरते आणि क्रॉस टिकत नाहीत. म्हणून बैठका आधी नुसत्या टॅक करायच्या (ठिपके देऊन तात्पुरत्या चिकटवायच्या), गाडी चाकांवर उतरवायची, वजन बसू द्यायचं, कोन मोजायचा आणि मगच पक्कं वेल्डिंग. तेही थोडं इकडे, थोडं तिकडे, मध्ये थंड होऊ देत. एका दमात शिवण ओढली की नळी वाकते; मग चाकाकडचं ऑइल सील गळू लागतं आणि दोष बिचाऱ्या सीलवर येतो.

शिवाय पाटे जमिनीपासून जितके उंच, तितका टायरच्या जोराला लांब दांडा मिळतो. दगडावर फर्स्ट लो मध्ये (लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये) अ‍ॅक्सलेटर दाबला की हाउसिंग पिळतं, पिनियन नाक वर काढतो, पाटे इंग्रजी एसच्या आकारात वाकतात. हा पीळ रोखायला अ‍ॅक्सलपासून चेसिसपर्यंत गाडीच्या लांबीच्या दिशेने वेगळा दांडा लावावा लागतो. त्याचा खर्च मेसेजात कोणी धरलेला नाही.

आणि फक्त मागची बाजू का उचलायची? जिप्सीचा व्हीलबेस 2375 मिमी. मागे 5 इंच चढवले की अख्खी गाडी सुमारे 3 अंश नाकाकडे झुकते आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) तेवढाच कमी होतो. मग हायवेला स्टिअरिंग सरळ धरून ठेवण्यातच हात दुखतात.

शॉकअप तेच ठेवले तर ते आधीच जवळजवळ पूर्ण ताणलेले राहतात. चाक खड्ड्यात लोंबलं की अ‍ॅक्सलचं वजन शॉकअपच्या पिनवर येतं. पिन तुटली तर एक वेळ परवडलं. ब्रेकचा होज ताणला गेला तर नाही. तेव्हा जॅक चेसिसला लावा, दोन्ही चाकं लोंबू द्या, मग होज आणि शॉकअपची लांबी बघा. चेसिसखालचे बम्प रबरही (अ‍ॅक्सलला वर आपटू न देणारे ठोकळे) खाली आणावे लागतात, नाहीतर मोठे टायर मडगार्डला घासतात.

राहिलं आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 फक्त आरसीवर छापलेल्या ओळींपुरतं नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने दिलेली मूळ रचना बदलता येत नाही, असं म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला 6 महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.