‘अनडिक्लेअर्ड’ अर्ज करून मागच्या दाराने कंप्युटर सायन्सला जाता येत नाही

‘अमेरिकेत कंप्युटर सायन्सला हमखास प्रवेश, नववी ते बारावीचा प्लॅन’ असा एक मेसेज तिकडच्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. तो आता माझ्या दहावीतल्या भाचीपर्यंत पोचला आणि तिनं त्यावरून अकरावीचे विषय बदलायला घेतले, म्हणून हे लिहितेय. मेसेज सांगतो: बारा एपी (हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) घ्या. कॅल्क्युलसच्या मागे न लागता कोडिंगचे वर्ग वाढवा. यूसाको या प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेत प्लॅटिनम ही सगळ्यात वरची पायरी गाठा. एखादी संस्था काढा. आणि कंप्युटर सायन्सला गर्दी फार, म्हणून अर्ज ‘अनडिक्लेअर्ड’, म्हणजे मेजर (मुख्य विषय) न ठरवता करा, आत गेल्यावर मेजर बदला.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण त्यात चार वर्षं वाया जाऊ शकतात. सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये ॲलन स्कूल हा कंप्युटर सायन्सचा विभाग हायस्कूलमधून येणाऱ्या मुलांना थेट मेजरमध्ये घेतो. तसा प्रवेश मिळाला नाही आणि कंप्युटर सायन्सच करायचं असेल, तर दुसऱ्या विद्यापीठाचा विचार करा, असं ते स्वतःच अर्जदारांना सांगतात. याहून स्पष्ट काय सांगायला हवं? कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात पूर्वी लेटर्स अँड सायन्स या कॉलेजमध्ये येऊन, ठरलेल्या तीन कोर्सेसमध्ये 3.3 जीपीए (4 पैकी सरासरी) काढला की हे मेजर मिळायचं. हा सल्ला बहुधा त्या काळातला आहे. 2023 पासून तिथेही नवीन मुलांचा निर्णय अर्जाच्या वेळीच होतो.

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. एमआयटी आणि स्टॅनफर्डमध्ये पहिल्या वर्षाला सगळेच मेजर न ठरवता येतात आणि नंतर कंप्युटर सायन्स निवडू शकतात. पण तिथे सगळेच तसे येतात म्हटल्यावर आवड लपवून फायदा शून्य. म्हणून यादीतल्या प्रत्येक कॉलेजसाठी दोन गोष्टी बघा: प्रवेश मेजरप्रमाणे होतो का, आणि ‘चेंज ऑफ मेजर’च्या पानावर कंप्युटर सायन्सबद्दल काय लिहिलंय. ‘जागा उरल्यास’ असे शब्द दिसले तर वाट बंद आहे असं धरून चाला. दुसरी पसंती खरोखर आवडेल अशीच भरा. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन विद्यापीठात कंप्युटर सायन्सला भाषाशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांची जोड असलेली मेजर्स आहेत, तीही नीट बघा.

आता गणित. कॅल्क्युलस सोडा म्हणणाऱ्यानं या मेजरची पहिली दोन वर्षं पाहिलेलीच नाहीत. तिथे कॅल्क्युलस, डिस्क्रीट मॅथ, लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी असतं. मुलं अडकतात ती बहुधा इथे. जावासारखी प्रोग्रॅमिंगची भाषा आधी आली नाही म्हणून अडकणारी कमी, कारण भाषा पहिल्या कोर्समध्ये शिकवतातच. हायस्कूलमध्ये क्रम असा लागतो: अल्जिब्रा 1, जॉमेट्री, अल्जिब्रा 2, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. अल्जिब्रा 1 आठवीत झालं असेल तर बारावीत कॅल्क्युलस येतं. नववीत झालं असेल तर एक वर्ष कमी पडतं. मग दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा 2 एकत्र घ्या, किंवा जॉमेट्री उन्हाळ्यात करा. प्रीकॅल्क्युलस मात्र घाईनं सहा आठवड्यांत उरकू नका. त्रिकोणमिती आणि लॉगरिदम कच्चं राहिलं की पुढे कॅल्क्युलसमध्ये प्रत्येक गणितात तेच आडवं येतं.

गणित कुठे लागतं ते यूसाकोतच दिसतं. ब्राँझला आकडे लहान असतात, सगळ्या शक्यता तपासून उत्तर निघतं. सिल्व्हरला एक लाख आकड्यांची यादी येते. प्रत्येक जोडी तपासायची म्हटलं तर सुमारे 500 कोटी जोड्या होतात, आणि सी प्लस प्लसला वेळ साधारण 2 सेकंद, पायथनला 4. कोड बरोबर असूनही नापास. सवाल यादीतल्या सलग तुकड्यांच्या बेरजांचा असेल तर एका फेरीत चालू बेरजा लिहून ठेवल्या की कुठल्याही तुकड्याची बेरीज एका वजाबाकीत मिळते. हे सुचायला आणखी एक कोडिंगचा वर्ग लावून उपयोग नाही. प्लॅटिनम झालं तर उत्तमच, पण त्यावाचून प्रवेश नाही हे साफ खोटं. ज्याला स्पर्धा आवडत नाही त्यानं तो वेळ दुसरीकडे घालावा.

बारा एपींचं काय? युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया जीपीए मोजताना एपीसारख्या कोर्सना जादा गुण फक्त 8 सेमिस्टरपुरते देते, त्यातही दहावीतले जास्तीत जास्त 4 धरते. म्हणजे वर्षभराचे चार कोर्स. कोर्सेस अवघड आहेत का हे ते बघतात, मान्य. पण बाराव्या एपीसाठी इतर विषयांत ‘बी’ ग्रेड आणणं हा तोट्याचा सौदा आहे. शिवाय त्यांना 15 वर्षभराचे विषय लागतात: इंग्लिश 4 वर्षं, परकी भाषा 2, इतिहास-सामाजिक शास्त्रं 2, कला 1 आणि बाकीचे. त्यातले 11 बारावीच्या आधी पूर्ण हवेत. कोडिंगसाठी कलेचा वर्ग काढला तर अर्जच पात्र ठरत नाही.

संस्था काढायच्या सल्ल्यावर फार लिहायची गरज नाही. कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) 10 ॲक्टिव्हिटीज आणि प्रत्येकीच्या वर्णनाला फक्त 150 अक्षरं. नुसतं ‘अध्यक्ष, संस्थापक’ लिहून काय केलं ते काही कळत नाही. शाळेच्या रोबोटिक्स क्लबच्या सुट्या भागांची नोंद ठेवणारं छोटं ॲप बनवा, ते दोन वर्षं चालवा, तक्रारी आल्या की दुरुस्त करा. किती जण वापरतात, काय मोडलं, काय बदललं, हे 150 अक्षरांत मावतं आणि निबंधालाही पुरतं.

या मेसेजवरून कुणी प्रीकॅल्क्युलस किंवा स्पॅनिश काढून टाकलं असेल तर शाळेच्या कौन्सेलरला आजच ईमेल करा. सत्र सुरू झाल्यावर वर्ग बदलायची मुदत सहसा काही आठवड्यांतच संपते.