चुना, दूध आणि नरेशची लेक

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात रोज संध्याकाळी गजूच्या पानठेल्यासमोरच्या कट्ट्यावर जी चर्चा होते, ती अस्सल वऱ्हाडीत होते. येथे मी ती लिहिण्याच्या मराठीत उतरवली आहे, त्यामुळे काही शिव्या गळाल्या आहेत, एवढे वाचकांनी समजून घ्यावे.

परवाचा विषय होता नरेशची साडेचार वर्षांची लेक. पुण्याची नोकरी घरूनच करण्याची मुभा मिळाल्यावर नरेश सहकुटुंब गावी परतला, हे सर्वांना आवडले. परंतु त्याचे घर व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेले काहीही न खाणारे, झाले आहे; तेथे दूध, दही, तूप, अंडे यांतले काहीच येत नाही, शिवाय मैदा, साखर आणि तेलही बंद आहे, ही गोष्ट दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या दिलीपभाऊंच्या जिव्हारी लागली आहे. त्या पोरीला साधी शिंक आली तरी दिलीपभाऊंना ती दुधावाचून आलेली वाटते.

"ज्या मातीत गवळाऊ गाय जन्मली, त्याच मातीतले लेकरू दुधावाचून वाढवायचे, हे पाप आहे," असे त्यांनी मांडी ठोकून सांगितले.

गजूने पानावरची नजर न काढता उत्तर दिले, "दिलीपभाऊ, तुमच्या दुधात निम्मे पाणीच असते. म्हणजे गावाला अर्धे व्हीगन तर तुम्हीच करून ठेवले आहे."

यावर दुधातले पाणी पकडणारा लॅक्टोमीटर फुटल्याचे जुने प्रकरण निघणार होते; ते निघू नये म्हणून गुरुजींनी घाईने गांधीजींना मध्ये आणले. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले आणि पुढे १९१८ च्या मोठ्या आजारपणानंतर, गायी-म्हशीच्या दुधाचे व्रत बकरीच्या दुधाला लागू होत नाही, हा कस्तुरबांनी सुचवलेला मार्ग त्यांनी नाइलाजाने पत्करला, हे गुरुजींनी सांगताच दिलीपभाऊ विजयी मुद्रेने म्हणाले, "पाहा, महात्म्यालाही शेवटी दूध प्यावेच लागले!"

"प्यायले, पण बकरीचे," गजू म्हणाला. "तुमच्या केंद्राला त्याचा काय उपयोग?"

नरेश मात्र पुऱ्या तयारीनिशी आला होता. शंभर ग्रॅम दुधात सव्वाशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तेवढ्याच तिळात सुमारे हजार, हे त्याने ऐकवले. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये नीट आखलेला व्हीगन आहार बालवयातही योग्य ठरवला, हेही सांगितले. त्याच वर्षी जर्मनीच्या पोषण संस्थेने मुलांसाठी तो सुचवण्यास नकार दिला होता, हे गुरुजींनी जोडले, तेव्हा नरेशने जर्मनीचा विषय बदलला. "पण शंभर ग्रॅम तीळ खाणारे मूल मला एकदा दाखव," असेही गुरुजी म्हणाले. माझ्या मते मुद्दा खरा तेथेच होता, कारण मूल तक्ता खात नाही, ताटातले खाते.

ते ताट आमच्यासमोरच होते. पोर कट्ट्याच्या टोकाला स्टीलची डबी उघडून बसली होती: ज्वारीच्या भाकरीची सुरळी, आत फल्लीदाण्यांची ओली चटणी, बाजूला शेवग्याच्या पानांची भाजी आणि पेरूच्या दोन फोडी. तिने सुरळी उलगडून आधी चटणी बोटाने साफ केली, मग पेरू संपवला आणि शेवगा झाकणावर काढून तो मुंग्यांच्या रांगेपुढे सरकवला. भाकरी अर्धी उरली. लहान पोट असल्या चोथ्याने लवकर भरते आणि अंगाला काही लागत नाही, म्हणून दाणे, तीळ, जवस, खोबरे हे भाकरी-भाजीत कालवूनच द्यावे लागते. तेल बंद केलेल्या घरात तर ते विसरून चालत नाही. हे मला नरेशच्या बायकोने, प्रज्ञाने, सांगितले होते. हरभरे भिजवून मोड आणणे, तीळ भाजून कुटणे, वरणावर लिंबू पिळणे म्हणजे लोह अंगी लागते, आणि त्याच लोहाची वाट लावणारा कोरा चहा आजीने बशीतून पाजू नये म्हणून पाळत ठेवणे, हे सगळे तिच्याच वाट्याला आहे.

"नरेश, तू शेवटचे हरभरे कधी भिजत घातलेस?" गजूने विचारले. नरेश आभाळाकडे पाहू लागला.

तेवढ्यात बी-१२ जीवनसत्त्व निघाले. ते जीवाणू तयार करतात, कोणत्याही डाळ-भाजीत ते भरवशाचे मिळत नाही, आणि कमी पडल्यास मुलाच्या मज्जासंस्थेवरच घाव बसतो. म्हणून अशा मुलांना ते औषधातून द्यावेच लागते. प्रज्ञा लेकीला ते नियमाने देते, पण नरेशला गोळी-औषध 'अनैसर्गिक' वाटते. पूर्वी लोकांना ते विहिरीच्या पाण्यातून मिळत असे, असे तो म्हणाला.

"त्याच पाण्यातून पटकीही मिळत असे," गजू म्हणाला. "आणि घरात मीठ आयोडीनचेच खातोस ना? मग थेंबभर औषधाने तुझा निसर्ग कसा बाटतो?"

दिलीपभाऊ खदखदून हसले, हीच त्यांची चूक झाली. गजूने त्यांच्या नातवाची आठवण काढली, ज्याचे रक्त मागच्या महिन्यात फार कमी भरले होते. तो दिवसाला लिटरभर दूध पितो आणि दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. दुधात लोह नावापुरते असते आणि ते पोट भरून जेवणाची जागा अडवते, हे डॉक्टरांनी दिलीपभाऊंना तोंडावर सांगितले होते. कट्ट्यावर मात्र त्यांनी त्याचे निदान 'नजर लागली' असे केले होते.

दोन्ही बाजू गप्प झाल्याने गजू खुशीत आला. "आणि कॅल्शियमची एवढी चिंता असेल तर या डबीत काय आहे?" म्हणत त्याने चुन्याची काडी उंचावली आणि नरेशला एक पान फुकट लावून दिले. "पान, कात, सुपारी, चुना. दूध नाही, तूप नाही. खा बिनधास्त."

नरेशने पान तोंडात कोंबले. तेव्हा गुरुजींनी अगदी शांतपणे विचारले, "गजू, हा चुना दगडाचा की शिंपल्यांचा?"

नरेशचा जबडा जागच्या जागी थांबला.

"मला काय ठाऊक?" गजू म्हणाला. "डबीवर लिहिलेले नाही."