चेल्सीला लावता ती पट्टी आपल्यालाही लावा

आम्हा आर्सेनलवाल्यांमध्ये, म्हणजे लंडनच्या या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांमध्ये, गेली काही वर्षं लंडनच्याच चेल्सी या प्रतिस्पर्धी क्लबबद्दल एक दावा हातोहात फिरतोय. तो थोडक्यात असा: "चेल्सीने नव्या मालकांच्या काळात १०० कोटी पौंड उधळले. आठ-आठ वर्षांचे करार करून हिशेबात घोटाळा केला. त्यांनी संघ विकत घेतला, आपण घडवला. आणि एवढं करून त्यांच्या हाती काही लागलं नाही." मी आर्सेनलचाच. चेल्सी हरली की मला आजही बरं वाटतं. पण हा दावा मला पटत नाही, आणि तो आपलीच माणसं पसरवतात याचं वाईट वाटतं.

आधी १०० कोटी. आकडा खोटा नाही. मे २०२२ मध्ये अमेरिकन गुंतवणूकदार टॉड बोली आणि क्लिअरलेक ही गुंतवणूक कंपनी यांच्या गटाने क्लब घेतला, तेव्हापासूनच्या खरेदीची बेरीज त्याच्याही पुढे जाते. पण ही वहीची एकच बाजू झाली. दुसऱ्या बाजूला विक्री आहे, आणि त्या विक्रीत गिऱ्हाईक म्हणून आपण वारंवार उभे आहोत. जानेवारी २०२३ मध्ये जॉर्जिन्यो, सुमारे १ कोटी २० लाख पौंड. त्याच वर्षी जूनमध्ये काय हावर्ट्झ, साडेसहा कोटी. जुलै २०२५ मध्ये नोनी मडुएके, जवळपास ४ कोटी ८५ लाख. तीन खेळाडूंचे मिळून १२ कोटींच्या वर पैसे आपणच त्यांच्या हातात ठेवले.

हावर्ट्झचा सौदा तर नीट बघण्यासारखा आहे. चेल्सीने त्याला २०२० मध्ये सहा कोटींहून थोड्या जास्त किमतीला घेतलं होतं, पाच वर्षांच्या करारावर. हिशेबाच्या पद्धतीप्रमाणे ही किंमत कराराच्या वर्षांवर वाटली जाते आणि दरवर्षी एकेक हिस्सा खर्ची पडतो. तीन वर्षं झाल्यावर वहीत त्याची किंमत उरली असेल अडीच-तीन कोटी. आपण दिले साडेसहा. मधला सगळा फरक त्या वर्षीचा नफा. चेल्सीचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, आणि हावर्ट्झचं साइनिंग जाहीर झालं २८ जूनला. त्यांचा ताळेबंद सावरायला आपण दोन दिवस आधी धावून गेलो होतो. आणि तरीही आपणच म्हणायचं की त्यांना हे परवडतंच कसं?

मग निव्वळ खर्च बघा, असं कुणी म्हणेल. बघूया. २०२५ च्या उन्हाळ्यात चेल्सीने जेवढ्याची खरेदी केली, जवळपास तेवढ्याचीच विक्री केली. आपण त्याच उन्हाळ्यात झुबिमेंडी, ग्योकेरेस, एझे, मडुएके अशी २० कोटींच्या सहज वर जाणारी खरेदी केली आणि विक्रीतून किरकोळ रक्कम आली. मला ती खरेदी आवडली, मी तिच्या बाजूनेच बोललो. पण निव्वळ खर्च हीच कसोटी असेल, तर त्या उन्हाळ्यात उधळे आपण ठरतो. शिवाय ही कसोटीही पुरी पडत नाही. निकोला पेपेला २०१९ मध्ये आपण ७ कोटी २० लाखांना आणलं आणि २०२३ मध्ये करार मोडून फुकट जाऊ दिलं. ते पैसे पाण्यातच गेले, पण २०२३ च्या खरेदी-विक्रीच्या बेरजेत त्यांचा मागमूसही नाही.

लांब करारांबद्दल. एन्झो फर्नांडेझ चेल्सीत १० कोटी ६८ लाखांना आला, साडेआठ वर्षांच्या करारावर. ही रक्कम पाच वर्षांवर वाटली तर वर्षाला २ कोटी १४ लाखांच्या आसपास पडते. साडेआठ वर्षांवर वाटली तर सव्वा कोटी. एवढीच ती 'लबाडी'. तेव्हा नियम तसाच होता आणि तो सगळ्यांना खुला होता. युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या नियामक संस्थेने, २०२३ च्या उन्हाळ्यापासून हे वाटप जास्तीत जास्त पाच वर्षांवर आणलं, इंग्लंडच्या अव्वल प्रीमियर लीगच्या क्लबांनी डिसेंबर २०२३ मध्ये तसंच ठरवलं, आणि जुन्या करारांना हात लावला नाही. शिवाय खर्च पुढे ढकलला म्हणून तो टळत नाही. खेळाडू चालला नाही तर त्याचा पगार आणि वहीतला हिस्सा २०३१ पर्यंत मानेवर बसतो.

या रागाचं मूळ कुठे आहे तेही सांगतो, कारण तो राग मलाही आला होता. जानेवारी २०२३. मिखायलो मुद्रिक आपल्याकडे येणार हे आपण धरून चाललो होतो. तो आपले सामने बघतानाचे फोटो टाकत होता. आणि एका शनिवार-रविवारात चेल्सीने त्याच्या शाख्तार या युक्रेनी क्लबला ७ कोटी युरो अधिक बोनस देऊन त्याला उचललं. त्या आधी आपल्यातला कुणीही "एवढे पैसे देणं बरोबर नाही" म्हणत नव्हता. आपण तर "द्या आणि मोकळे व्हा" म्हणत होतो. मग आपण २ कोटींच्या आसपास ट्रोसार्डला आणलं आणि तो किती उपयोगी पडला हे सांगायला नको. पण लिलावात मागे पडलो म्हणून दुसऱ्याची बोली पाप ठरत नाही.

"त्यांनी विकत घेतला, आपण घडवला" हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. बुकायो साका आपला, हेल एंड या आपल्या अकॅडमीचा, त्याबद्दल छाती भरून येते. पण डेक्लन राइससाठी आपण १० कोटी अधिक ५० लाखांचा बोनस मोजला, आणि तो सातव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत चेल्सीच्या अकॅडमीत होता. त्यांनी सोडलं, वेस्ट हॅमने घडवलं, आपण विकत घेतलं. एडी एन्केटियासुद्धा चेल्सीने चौदाव्या वर्षी सोडलेला मुलगा. आणि घडवलेल्यांचं आपण काय केलं? ऑगस्ट २०२४ मध्ये एमिल स्मिथ रो फुलहॅमला गेला, एन्केटिया क्रिस्टल पॅलेसला. स्मिथ रो दहा वर्षांचा असल्यापासून आपल्याकडे होता. त्याने टॉटनहॅमविरुद्ध गोल केला त्या दिवशी मी घरात ओरडलो होतो. अकॅडमीतल्या मुलाची वहीतली किंमत शून्य असते, म्हणून तो विकला की जवळपास सगळी रक्कम नफा. प्रीमियर लीगमध्ये तेव्हा तीन वर्षांचा तोटा १० कोटी ५० लाखांच्या आत ठेवायचा नियम होता, आणि त्यामुळे क्लबांना आधी आपलीच पोरं दिसायची. चेल्सीने मेसन माउंट ५ कोटी ५० लाखांना मँचेस्टर युनायटेडला दिला, कॉनर गॅलगर अॅटलेटिको माद्रिदला दिला, तेव्हा आपण हसलो. दुखणं मात्र एकच होतं.

"हाती काही लागलं नाही" हे २०२३ मध्ये खरं होतं. दोन विंडोंमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या दोन ठरलेल्या मुदतींत, ५० कोटींच्या वर खर्च करून ते लीगमध्ये बाराव्या स्थानावर आले होते. पण पुढच्या मोसमात ४ कोटींना आलेल्या कोल पामरने लीगमध्ये २२ गोल केले. मे २०२५ मध्ये चेल्सीने स्पेनच्या बेटिसला ४-१ हरवून कॉन्फरन्स लीग ही युरोपीय क्लबांची तिसऱ्या दर्जाची स्पर्धा जिंकली, जुलैत पॅरिसच्या पीएसजीला ३-० ने हरवून क्लब वर्ल्ड कप. २०२० चा एफए कप जिंकल्यापासून त्या उन्हाळ्यापर्यंत आपल्याकडे दोन कम्युनिटी शील्ड, म्हणजे मोसमाच्या सुरुवातीच्या एकाच सामन्याची ट्रॉफी, सोडून काही नव्हतं.

चेल्सीवर टीका करायचीच असेल, तर एक जागा पक्की आहे आणि तिथे मीही तुमच्याबरोबर उभा आहे. स्टॅम्फर्ड ब्रिज या आपल्या मैदानाला लागून असलेली दोन हॉटेलं त्यांनी आपल्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला ७ कोटी ६५ लाखांना विकली. नंतर महिला संघही असाच घरातल्या घरात विकला. त्यातून आलेला पैसा नफा म्हणून दाखवला. प्रीमियर लीगच्या नियमांत ते बसत होतं. युएफाच्या नियमांत असा नफा धरत नाहीत, आणि जुलै २०२५ मध्ये युएफाने त्यांना एकूण ३ कोटी १० लाख युरोंचा दंड लावला. हावर्ट्झला निदान समोरून गिऱ्हाईक आलं होतं, भाव ठरला होता, आणि तो भाव आपण दिला होता. हॉटेलांच्या सौद्यात विकणाराही तोच आणि घेणाराही तोच.