'हिंदू', तिसऱ्यांदा

भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' ही कादंबरी अखेर वाचून झाली. २०१० साली आली त्याच वर्षी घेतली होती. दोनदा सुरू केली आणि दोन्ही वेळा साठ-सत्तर पानांत हात टेकले. त्या वर्षी नावावरून एवढी गरमागरमी झाली, पण तावातावाने बोलणाऱ्यांपैकी निम्मे तरी माझ्याएवढे आत गेले होते का, कोण जाणे.

चूक माझीच. मी गोष्ट शोधत होतो. गोष्ट म्हणाल तर एवढीशी: मोहेंजोदडोला उत्खननावर गेलेल्या खंडेरावाला वडील आजारी असल्याचं कळतं आणि तो मोरगावला परत निघतो. बाकी सगळं त्या वाटेवर आठवत जाणारं. शेती, भाऊबंदकी, महानुभाव, वारकरी, लभाण म्हणजे बंजारे, घरातल्या बायकांची मुकी दुःखं. नायक पुरातत्त्वाचा, म्हणून रचनाही उत्खननासारखी, असं म्हणायची पद्धत आहे. मला नाही पटत. उत्खननात थर ओळीने लागतात. हा आमच्या यावलकडच्या घराचा माळा आहे. पाळण्याखाली पेरणीची पाभर, पाभरीला अडकलेली आजोबांची टोपी, आणि आपण काय काढायला वर चढलो होतो तेच आठवत नाही.

या वेळी पुस्तक उघडलं ते आईमुळे. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून रोज रात्री मोठ्याने वाचून दाखवायचो. मनातल्या मनात वाचताना जी वाक्यं दमवायची, ती तोंडाने म्हटली की ओट्यावरच्या गप्पांसारखी सरळ चालायला लागली. मी गावाकडचं बोलणं पुण्याच्या वळणाने वाचलं की आई अडवायची. "डोळा काय म्हनतो रे, डोया म्हन!" आमच्या खानदेशातल्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. बहिणाबाईंची गाणी शाळेत पाठ केली, मार्कही मिळवले, आणि घरी कुणी 'केयी' म्हटलं की मित्रांसमोर मान खाली घालायचो. आज त्याचीच लाज वाटते.

सगळंच आवडलं असं नाही. खंडेराव इतिहासावर, समाजावर बोलायला लागला की थांबत नाही, आणि अशा ठिकाणी तो खंडेराव कमी न् नेमाडे जास्त वाटतो. तिथे आई सरळ घोरायची. मीही काही पानं चाळून पुढे गेलो, खोटं कशाला बोला. पण घरातल्या बायकांचा विषय निघाला की ती उठून बसायची.

एका रात्री तिने मध्येच थांबवलं आणि तिच्या आत्याचं काहीतरी सांगायला लागली. मी पुस्तक मिटलं. त्या रात्री पुढे वाचलंच नाही.