दाबा, धरा, सोडू नका

कोल्हापुरात गाडीवर खर्च करायला कुणाची ना नसते, फक्त तो खर्च दिसला पाहिजे, नाहीतर ऐकू तरी आला पाहिजे. अलॉय घाला, सायलेन्सर बदला, मागच्या काचेवर हातभर अक्षरात कायपण लिहा, गल्ली तुमच्या पाठीशी. मी मागवल्या स्टेनलेस स्टीलच्या ब्रेक लाईन, म्हणजे ब्रेकचं ऑईल चाकापर्यंत नेणारे पाईप, जे बसवल्यावर चाकामागं वाकून टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाहीत.

"ह्यानं गाडी पळणार काय?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"न्हाई काका, थांबणार."

"मग आत्ता थांबत न्हाई व्हय?"

आता ह्याला काय सांगायचं! कंपनीचा रबरी पाईप जुना झाला की पॅडल दाबल्यावर आतल्या दाबानं जरासा फुगतो, म्हणजे आपल्या पायाचा थोडा जोर पाईप फुगवण्यातच जातो. नव्या लाईनीत आत टेफ्लॉनची नळी, वरनं स्टीलची विणलेली जाळी, त्यामुळं ती फुगायचं नाव घेत नाही आणि पॅडल कडक लागतं. गाडी निम्म्या अंतरात थांबते म्हणणारे थापा मारतात, शेवटी थांबवतो तो टायरच, पण पन्हाळ्यावरनं उतरताना पायाला फरक कळतो बरं का. काकांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि "कितीला पडलं?" एवढंच विचारलं.

दुसरी अडचण म्हणजे उद्यमनगर. ह्या गावात प्रत्येकाचा कोणतरी मामा, मेव्हणा नाहीतर स्वतः तो माणूस उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नाहीतर लेथवर काम केलेला असतोय, त्यामुळं भर गल्लीत गाडी घोडीवर चढवून चाक काढलं की बघे येत नाहीत, इन्स्पेक्टर येतात. रबरी पाईप ज्याला जोडलेला असतो त्या धातूच्या पाईपाचा नट गंजलेला, त्याला साधा फिक्स पाना लावला तर कोपरे गुळगुळीत होऊन नट कायमचा रुसतो, हे मला माहीत होतं आणि मी दहाचा फ्लेअर नट पाना, म्हणजे नटाला जवळजवळ सगळीकडनं धरणारा खाचेचा पाना, आणलेलापण होता. तो बघून एक आजोबा म्हणाले, "हे कशाला इकत आणलंस, रिंग पान्याला खाच पाडून दिली असती की." दुसऱ्यानं गंजावर मारायला डिझेल सुचवलं, तिसऱ्यानं हातोडी आणली, न मागता. पाईप ब्रेकला जोडणाऱ्या पोकळ बोल्टाला, म्हणजे बांजो बोल्टाला, दोन्ही बाजूला नवे तांब्याचे वॉशर घालायला लागलो तर जुने भाजून मऊ करून परत वापर म्हणून सल्ला आला. काढलेलं काळपट ब्रेक ऑईल मी टाकायला निघालो तेव्हा तर हळहळच झाली, "वाया घालवालाईस व्हय?" अहो, ते ऑईल हवेतला ओलावा पितं! डॉट फोर जातीचं हे ऑईल नवं असताना 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलं की 155 वर येतं, आणि पेंटवर सांडलं तर पेंट उचलतं ते वेगळंच.

पण खरा घाम फुटला तो हवा काढताना. लाईन उघडली की हवा शिरते, आणि ऑईल दबत नाही, हवा दबते, म्हणून पॅडल स्पंजासारखं होतं. एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचं निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सोडून बुडबुडे काढायचे, निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, आणि वरच्या डब्यातलं ऑईल तळाला जाऊ द्यायचं नाही. पॅडलवर बसले आमचे आण्णा.

"आण्णा, दाबा."

"दाबलं."

"धरा. सोडू नका हं."

"धरलंय की!"

मी निपल सोडलं, बुडबुडे यायला लागले, तेवढ्यात कोपऱ्यावरनं कुणीतरी ओरडलं, "आण्णा, काय गाडी इकली काय?" आणि आण्णांनी उत्तर द्यायला दार उघडून अख्खा पाय बाहेर काढला. सुर्रकन हवा परत आत! पुन्हा मागचं डावं चाक, पुन्हा दाबा, पुन्हा धरा. मग मोबाईलवरचे गुड मॉर्निंग, दारावरची भाजीवाली, आणि मधेच "अजून किती दाबू रं, गुडघा धरला." गाडीखाली झोपून वडिलांना ऑर्डर सोडणं आमच्या घराण्यात आजवर कुणाला जमलं नव्हतं, मलापण जमलं नाही, शेवटी हातोडीवाल्याला पॅडलवर बसवला.

पॅडल एकदम दगड झालं. जॉईंट कोरडे, स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून लाईन टायरला घासत नाही हे बघितलं, आणि आण्णांना शेजारी बसवून हळूहळू गंगावेशीपर्यंत निघालो. दूध कट्ट्याजवळ एक म्हैस बरोब्बर आडवी. पाय नुसता टेकवला, गाडी जागेवर. मी मोठ्या अपेक्षेनं आण्णांकडं बघितलं.

"एवढ्यासाठी सगळा रविवार घातलास व्हय? हॉर्न मारायचा की."